गरम झाली की बंद, गार झाली की चालू: घरच्या घरी निदान कसं करू?

लांबपल्ला

मंडळी, गाडी छळतेय. जरा लांबलचक लिहितो, कारण "बंद पडते, काय करू" एवढंच लिहिलं की पहिले दहा प्रतिसाद "नीट सांगा" असेच येतात.

गाडी ४०० सीसी, एक सिलिंडर, हवेवर गार होणारी, कार्ब्युरेटर, सीडीआय (ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा). वय १४ वर्षं, पळालेली ७१ हजार किलोमीटर. मी ती जवळजवळ फक्त लांबच्या प्रवासालाच काढतो. मागे दोन पेट्या, टाकीवर पिशवी, असा संसार लादून.

गेले दोन महिने हा खेळ चाललाय. ४०-५० मिनिटं गाडी लोण्यासारखी पळते आणि मग एकाएकी बंद. दिवे, हॉर्न, स्टार्टर सगळं ठणठणीत, पण इंजिन काही केल्या पेटत नाही. १५-२० मिनिटं कडेला बसून राहिलं की पहिल्या झटक्यात चालू, जणू काही झालंच नव्हतं. पुन्हा २० मिनिटांनी तेच. जवळच्या फेऱ्यांना एकदाही असं झालेलं नाही.

आतापर्यंत केलेलं: नवा प्लग, एअर फिल्टर साफ, कार्ब्युरेटर उघडून साफ, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल. गाडीची सगळी कामं मी घरीच करतो. तरी हार मानून एका मेकॅनिककडे नेली. तिथे अर्थातच ती झटक्यात चालू झाली आणि तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच बिघडलोय.

बरी गाडी कुणीही बघेल. हिला नेमकी आजारी असताना कसं पकडायचं?

निवांतस्वार

किल स्विच बघितलात का?

हसू नका. मी एकदा भरल्या सामानासकट गाडी दोन किलोमीटर ढकलली आहे. हातमोज्याचा अंगठा लागून स्विच बंद झाला होता. सोबत बायको होती. ती अजून विसरलेली नाही.

फटफटी

मला तर टाकीच्या झाकणाचं छिद्र तुंबलेलं दिसतंय. पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. थांबून राहिलात की हवा हळूहळू कुठून तरी शिरते आणि गाडी चालू.

एक खूण सांगतो. टाकी काठोकाठ भरल्यावर हा त्रास लवकर होतो, अर्धी असताना उशिरा. भरलेल्या टाकीत वर हवा अर्धा लिटर असेल, तर एक लिटर पेट्रोल गेल्यावर त्याच हवेला तिप्पट जागेत पसरावं लागतं. अर्ध्या टाकीत आधीच सहा-सात लिटर हवा असते, तिला तोच एक लिटर जाणवतही नाही. प्रवासाला निघताना टाकी भरूनच निघता ना? आणि वर पिशवी! तुमच्या झाकणाचं छिद्र वरच्या बाजूला असेल तर पिशवीनेच ते दाबलं असेल.

पुढच्या वेळी बंद पडली की झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर गुन्हेगार सापडला.

लांबपल्ला

@निवांतस्वार, बघितला. वहिनींना नमस्कार सांगा.

@फटफटी, मलाही आधी तेच वाटलं होतं. दोनदा बंद पडल्या पडल्या झाकण उघडलं. फुस्स नाही, काही नाही. गाडीही चालू झाली नाही. एकदा तर मुद्दाम पिशवी न लावता गेलो होतो, तरी पडली.

फटफटी

झाकण उघडल्यावर लगेच चालू होणारच नाही. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी असते, ती भरायला मिनिटभर द्यावा लागतो. पण फुस्स नाही म्हणता, तर माझा दावा निम्मा मागे घेतो. निम्माच.

स्वारिणी

लांबपल्ला, तुमच्या वर्णनात "एकाएकी" हा शब्द आहे. मला त्यावरच बोट ठेवायचंय. पेट्रोल तुटून मरणारी गाडी आधी उचक्या देते, जोर कमी होतो, थ्रॉटल पिळला की आणखी घुसमटते, मग मरते. करंट तुटून मरणारी गाडी दिवा मालवावा तशी मरते. तुमची कशी मरते?

आणि अंदाज किती दिवस करत बसणार? बंद पडल्यावरची पहिली पाच मिनिटं सोन्याची असतात, ती वापरा. दोनच गोष्टी करायच्या.

पहिली, कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून नळीखाली छोटी बाटली धरा. धार लागली आणि लागतच राहिली तर पेट्रोल येतंय. चमचाभर येऊन थांबलं तर कॉक, नळी, टाकी यांच्यात अडचण आहे.

दुसरी, खिशात एक जादा प्लग ठेवा. टोपी काढून त्या प्लगला लावा, प्लगचा धातू इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि स्टार्टर मारा. निळसर ठिणगी हवी. इंजिनातला प्लग काढायचा नाही, नाहीतर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर आणि समोरच ठिणगी. आणि ही दोन कामं याच क्रमाने करत असाल तर मधे बाटलीचं बूच लावून ती दहा पावलं लांब ठेवून या. पेट्रोल सांडलं असेल तर ते वाळू द्या. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहिते.

जुनाट पाना

बंद पडायला लागायच्या आधी शेवटचा हात कोणाचा लागला होता? आणि कुठे?

लांबपल्ला

@स्वारिणी, दिवा मालवावा तशीच. उचकी नाही. तुमचे दोन्ही प्रयोग रविवारी करतो.

@जुनाट पाना, काका, हात माझाच, दुसरा कोणाचा? पण वेगळं असं काही केलेलं नाही. बिघाड दोन महिन्यांपासूनचा आहे. त्याच्या आठवडाभर आधी चेन धुऊन तेल दिलं, सैल बघितली, २५ ते ३५ मिलिमीटरमध्ये आहे. टॅपेट तपासले, एग्झॉस्टचा किंचित घट्ट होता, तो सारखा केला. पुढचं ब्रेक ऑइल बदललं. त्याच्याही आधी, म्हणजे सहा महिन्यांपूर्वी, मॅग्नेटच्या (म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या, वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) कव्हरचं पॅकिंग बदललं होतं कारण तेल गळत होतं. आता गळत नाही, एका कोपऱ्यात वायर बाहेर येते तिथे जरासं पाझरतं इतकंच. बॅटरी दीड वर्षाची, उभ्या गाडीवर १२.७, चालू गाडीत १४.२ व्होल्ट. म्हणजे चार्जिंगही ठीक.

सुटेभाग

एवढा खल कशाला? गरम झाल्यावर बंद म्हणजे सीडीआय. डोळे मिटून बदला.

करंटवाला

डोळे मिटून बदलायचं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सीडीआयमध्ये आत मोजण्यासारखं काही हाती लागत नाही, म्हणून सगळे दोष त्याच्याच माथी मारतात. माझ्या अनुभवात दहा वेळा सीडीआय बदलला तर आठ वेळा जुना चांगला निघतो.

गरम झाल्यावर करंट जाणारी तीन ठिकाणं. एच.टी. कॉइल (प्लगला जास्त दाबाचा करंट पुरवणारी), पल्सर कॉइल आणि सीडीआय. पल्सर सगळ्यात संशयित, कारण ती इंजिनाच्या पोटात, मॅग्नेटच्या शेजारी, गरम तेलात शेकत बसलेली असते. मॅग्नेटवरचा उंचवटा तिच्यासमोरून गेला की ती सीडीआयला इशारा देते, "आता पेटव". तिच्या आत केसाइतकी बारीक तार हजारो वेढे घेऊन गुंडाळलेली असते. एका जागी ती तडकली तर गार असताना दोन टोकं टेकलेली राहतात, तापलं की फाकतात. इशारा नाही तर ठिणगी नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

चौथं ठिकाण म्हणजे साइड स्टँडचा स्विच. चिखल आणि कंप यांनी तोही असाच लहरी होतो. पण तो तापमान बघून लहरी होत नाही.

सुटेभाग

आठ वेळा चांगला निघतो म्हणजे दोन वेळा वाईट निघतो ना? झालं तर मग.

घरकोंबडा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गाडी १४ वर्षांची, बिघाड चार्जिंग-करंटचा, आणि तुम्ही घरी बसून पाने फिरवणार. ज्याचं काम त्यानेच करावं. मी एकदा हौसेने तेल बदलायला गेलो आणि तळाच्या बोल्टचे आटे मारून ठेवले. मग इंजिनाच्या केसला नवे आटे पाडून आत स्प्रिंग बसवावी लागली. त्या दिवसापासून मी फक्त गाडी पुसतो.

स्वारिणी

@घरकोंबडा, तळाचा बोल्ट म्हणजे पोलादाचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं भोक. त्यात कोण हरणार हे ठरलेलंच आहे. बहुतेक गाड्यांना तिथे २० ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास कस पुरतो आणि आपण लांब पान्याने त्याच्या दुप्पट सहज लावतो. टॉर्क रेंच घ्या, वॉशर दर वेळी नवा घाला. एक बोल्ट गेला म्हणून संन्यास घ्यायचं कारण नाही.

दुसरं असं की लांबच्या प्रवासात मेकॅनिक मागच्या पेटीत बसवून नेता येत नाही. घरी केलेल्या कामाचा उपयोग रस्त्यात होतो. कुठला बोल्ट कुठल्या पान्याचा, हे हाताला आधीच माहीत असतं.

घरकोंबडा

टॉर्क रेंचवर विश्वास नाही. हाताला कळतं.

स्वारिणी

तुमच्या हाताला काय कळतं ते वर तुम्हीच लिहिलंय.

निवांतस्वार

खिक्!

धुराडं

तेलाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. घरात चारचाकीचं उत्तम सिंथेटिक तेल उरलंय, १० डब्ल्यू ४०च आहे. ते दुचाकीत घातलं तर? आकडा तर तोच.

करंटवाला

आकडा फक्त दाटपणा सांगतो. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. चारचाकीच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिन खूश, क्लच घसरायला लागतो. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) असं लिहिलेलं बघून घ्या, मग डोकं लावायची गरज नाही.

धुराडं

धन्यवाद. उरलेलं तेल बिजागऱ्यांना.

चेनखेच

चेनचा उल्लेख झाला म्हणून एक कळकळीचं सांगतो. गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत फडक्याने चेन पुसणारे महाभाग मी पाहिलेत. त्यातल्या एकाच्या उजव्या हाताला आज साडेचार बोटं आहेत. चाक हाताने फिरवा. एका फेरीला दोन मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

आणि चेन चार-पाच ठिकाणी फिरवून मोजा, कारण ती सगळीकडे सारखी ताणत नाही. सर्वांत घट्ट जागा धरून सैल ठेवायची. सामान लादल्यावर मागचं चाक वर चढतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन दोन पेट्या आणि मागे माणूस बसल्यावर तारेसारखी होते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. तेल प्रवास संपल्यावर, चेन कोमट असताना द्यावं. रात्रभर आत मुरतं. सकाळी निघताना दिलेलं तेल चेनला कमी आणि मागच्याच्या पँटला जास्त लागतं.

फटफटी

ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुऊ नका हेही लिहा. रबर फुगतं. रॉकेल चालतं, आणि तारेचा ब्रश मात्र नको.

लांबपल्ला

मंडळी, माझी गाडी राहिली बाजूला.

निवांतस्वार

धागा पण गरम झाल्यावर बंद पडतोय वाटतं.

लांबपल्ला

रविवारचा अहवाल.

या वेळी मुद्दाम आजारी पाडायलाच निघालो. घराभोवतीच चकरा मारल्या, लांब गेलोच नाही. ५५व्या मिनिटाला पडली. आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्यावर आनंद झाला.

वाटीचा स्क्रू सैल केला. धार लागली, २०० मिलिलिटरपर्यंत लागूनच राहिली. @फटफटी, तुमचा उरलेला निम्मा दावाही मागे घ्या. मग बाटली लांब ठेवून, हात पुसून, जादा प्लग लावून स्टार्टर मारला. ठिणगी नाही. अजिबात नाही. १८ मिनिटांनी तोच प्लग, तीच टोपी, ठसठशीत निळी ठिणगी.

साइड स्टँडच्या स्विचच्या दोन वायरी थेट जोडूनही बघितल्या, तात्पुरत्या, घराजवळच. फरक नाही.

फटफटी

मागे घेतला. बिनशर्त.

सुटेभाग

सीडीआय.

करंटवाला

@लांबपल्ला, शाब्बास. आता मल्टिमीटर. एच.टी. कॉइल आणि पल्सरचा रोध आधी गार गाडीवर मोजून लिहून ठेवा. कनेक्टर सुटा करून, कॉइलकडून येणाऱ्या बाजूने, सीडीआयकडून नाही. मग बंद पडल्या क्षणी तेच पुन्हा.

एक धोका आधीच सांगतो, नाहीतर गरम आकडा बघून घाबराल. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशावर २१० ओम दाखवणारी कॉइल ९० अंशाला २६० च्या आसपास दाखवणारच. तो दोष नाही. दोष म्हणजे आकडा हजारांत जाणं किंवा मीटरने हातच टेकणं.

स्वारिणी

आणि मोजताना वायर हलवून बघा. कनेक्टरपाशी, मग जिथवर हात पोचेल तिथवर. स्थिर वायरीवर सगळंच छान दिसतं. सायलेन्सर तापलेला असेल, कोपर सांभाळा. मी नाही सांभाळलं. खूण अजून आहे.

एच.टी. कॉइल बाहेर काढणं सोपं असेल तर ती घरात केस वाळवायच्या यंत्राने तापवूनही मोजता येते. रस्त्यावर उकिडवं बसायची गरज नाही.

घरकोंबडा

मी वाचतोय. फक्त वाचतोय.

लांबपल्ला

अहवाल दुसरा.

गार गाडी: एच.टी. कॉइलच्या दोन्ही बाजू पुस्तकात दिलेल्या मर्यादेत. केस वाळवायच्या यंत्राने दहा मिनिटं भाजली तरी मर्यादेत. घरातून ओरडा बसला, कारण यंत्राला रबराचा वास लागलाय. पल्सर २१२ ओम. पुस्तकात १८० ते २८०.

मग चकरा. ४८ मिनिटांनी पडली. कनेक्टर सोडवून मीटर लावला. काहीच नाही. वायर तुटल्यावर दाखवतो तसं. मी तसाच मीटर धरून बसलो. सातव्या-आठव्या मिनिटाला आकडा एकदा चमकून गेला, ९०० का काहीतरी. पुन्हा गायब. मग ४००, मग पुन्हा काही नाही. आणि एकदम २४६ वर येऊन स्थिर. कनेक्टर लावला, स्टार्टर मारला, चालू!

@करंटवाला, पल्सरच. नवी मागवतोय. मॅग्नेटच्या कव्हरसकटच मिळते असं दिसतंय, म्हणजे सगळी स्टेटर प्लेट (कव्हरच्या आत बसणारी कॉइलींची पाटी). असो, रोग कळला.

करंटवाला

अभिनंदन. मीटर धरून बसलात हे भारी केलंत.

सुटेभाग

मी हरलो. पण बदला मी सांगितलेलंच होतं, फक्त भाग वेगळा.

जुनाट पाना

थांबा. काही मागवू नका.

तुम्हीच वर लिहिलंय, मॅग्नेटच्या कव्हरचं पॅकिंग बदललं आणि वायर बाहेर येते त्या कोपऱ्यात तेल पाझरतं. नव्या पॅकिंगमधून तेल का पाझरावं? आणि त्याच कोपऱ्यात का?

ते कव्हर बसवताना काय होतं ते आठवा. कव्हरच्या आत स्टेटर, समोर मॅग्नेट. दोन बोटांवर अंतर आलं की मॅग्नेट कव्हर खेचून घेतं, खटकन बसतं, बोटसुद्धा चेमटतं. त्या झटक्यात वायरीचं रबरी बूच खाचेतून जरा जरी सरकलं तरी वायर कव्हर आणि केस यांच्या मधे सापडते. बोल्ट आवळले की ती चिरडते. वायर त्या जागी पॅकिंग नीट बसू देत नाही म्हणून तेल पाझरतं. आणि चिरडलेल्या वायरीतले चार धागे जोडलेले राहतात ते सहा महिन्यांच्या कंपाने एकेक तुटतात. मग एक दिवस गरम झालं, आवरण मऊ झालं, कव्हर फुगलं, की उरलेली टोकं सुटतात.

कव्हर उघडा. तेल आधी काढून घ्या किंवा गाडी दुसऱ्या बाजूला कलती ठेवा, नाहीतर फरशी रंगेल. पॅकिंग नवं हाताशी ठेवा. आधी वायर बघा, मग पल्सर.

स्वारिणी

काका, दंडवत. मी तो पाझर दोनदा वाचून पुढे गेले होते.

करंटवाला

मीही. माझं "केसाइतकी तार तडकते" हे पुराण आता जरा कमी ऐटीत वाचावं.

लांबपल्ला

पण काका, पॅकिंग सहा महिन्यांपूर्वी बदललं, त्रास दोन महिन्यांचा. मधले चार महिने दोन मोठे प्रवास झाले, काही झालं नाही. शनिवारी उघडतो तरी.

लांबपल्ला

उघडलं.

काय सांगू. बूच खाचेत एका बाजूने आहे, दुसऱ्या बाजूने बाहेर. पल्सरच्या दोन वायरींपैकी एक कव्हरच्या काठाखाली सापडून पापडासारखी चपटी झालेली. आवरण बाहेरून जेमतेम धड. बोटांनी वाकवली तर आत तांबं जाणवतच नाही, नुसती रबराची नळी. कापून बघितलं, तीन धागे शिल्लक, तेही काळे पडलेले. पल्सर स्वतः वायरीच्या मुळापाशी मोजली तर २१०. ठणठणीत.

आणि आता लाजिरवाणा भाग. सहा महिन्यांपूर्वी कव्हर बसवताना ते खरंच खटकन बसलं होतं आणि मी म्हणालो होतो, "वा, एका फटक्यात बसलं." शेवटचा हात माझाच होता, काका. तुम्ही तिसऱ्याच दिवशी विचारलं होतंत आणि मी तुम्हाला चेनची सैल सांगत बसलो.

वायर अशी जोडली: चिरडलेला भाग कापला, दोन्ही टोकांचं आवरण सोलून काळं तांबं घासून साफ केलं, पीळ घालून डाग दिला, वर उष्णतेने आवळणारी नळी. सांधा मुद्दाम कव्हरच्या बाहेर येईल असा घेतला, तेवढी वायर आतून बाहेर ओढायला शिल्लक होती. बूच साफ करून खाचेत बसवलं, दोन्ही बाजूंना उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा पातळ थर. कव्हर बसवताना या वेळी बायकोला समोर उभं केलं होतं, तिने बूच बोटाने दाबून धरलं आणि कव्हर टेकायच्या आधी बोट काढलं. दोन लांब बोल्ट आधी घालून त्यांच्यावरून कव्हर सरकवलं म्हणजे खटका बसत नाही, ही युक्ती नंतर सुचली. आधी सुचती तर हा धागाच नसता.

जुनाट पाना

सांधा बाहेर घेतलात ते बरं केलंत. आत असता तर तेलाने ती नळी कधी ना कधी सुटली असती. साधी चिकटपट्टी तर महिनाभरात. बाकी ती खटक्याची चूक मी दोनदा केलेली आहे. एकदा स्वतःच्या गाडीवर, एकदा दुसऱ्याच्या.

निवांतस्वार

दुसऱ्याला सांगितलंत का?

जुनाट पाना

हे वाचत असेल तर कळेल आता.

घरकोंबडा

ते कोण ते माहीत नाही, पण माझी एक गाडी २०११ साली अशीच गरम होऊन बंद पडायची आणि मी ती विकली. काका, आपण कधी भेटलोय का?

चेनखेच

लांबपल्ला, ब्रेक ऑइल बदललं म्हणालात ते डॉट ४ ना? जांभळट सिलिकॉनवालं डॉट ५ चुकून नाही ना घातलं? तुमचा हात कुठे कुठे लागलाय ते आता सगळंच तपासावं म्हणतो.

लांबपल्ला

डॉट ४च, झाकणावर लिहिलेलंच घातलं. पण तुम्ही विचारल्यावर जाऊन डबा परत वाचून आलो, एवढं खरं.

काल सकाळी निघालो, पेट्या लादून, टाकी भरून, वर पिशवी. तीन तास दहा मिनिटं सलग. ५५व्या मिनिटाला उगीचच कान टवकारले होते. काही झालं नाही. परत येऊन डाव्या कोपऱ्याखाली कागद पसरून ठेवला. सकाळी कागद कोरडा.

आता एकच शंका. सिलिकॉन पेट्रोलच्या वाफेने सुटतं का? कार्ब्युरेटरची निचऱ्याची नळी त्याच बाजूला उतरते.

स्वारिणी

थेंब पडत राहिले तर कालांतराने मऊ पडतं. नळीचं टोक मागे वळवून एका क्लिपने फ्रेमला बांधा.

प्रवासीपाखरू

नमस्कार, नवीन सदस्य आहे, पूर्ण धागा वाचला नाही. पण गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे शंभर टक्के प्लग. बदलून बघितलात का?